ओस्तीमागे तीन सेकंद

"मग नफा कमावणं पाप आहे का, सिस्टर? एकदाचं हो की नाही ते सांगून टाका!"

सिस्टर ब्रिजिदांनी मान वर केली नाही.

"ते ओलं फडकं दे," त्या म्हणाल्या.

प्रबोध त्रिभुवनने फडकं दिलं. सिस्टरांनी ते भाजलेल्या पिठाच्या पातळ पापुद्र्यांवर अलगद पसरलं. पापुद्रे कोरडे कापायला गेलं तर चुरा होतो, म्हणून आधी ते ओलाव्याखाली निजवायचे.

"आणि माझं उत्तर?"

"यांना निजू दे आधी..."

प्रबोध एम.बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. कॉलेज मिशनचं, त्यामुळे इतर विषयांच्या जोडीला 'ख्रिस्ती दृष्टीतून व्यवस्थापन' असाही एक पेपर असे. बाकी सगळ्यांत पहिला येणारा हा गडी नेमका त्याच पेपरात दोनदा आपटला होता. दोन्ही वेळा फादर रेमंडनी त्याचा रिपोर्ट एकच शेरा मारून परत केला. 'अजून पाहिलेलं नाही.' काय पाहिलेलं नाही, ते मात्र लिहिलं नव्हतं.

तिसऱ्यांदा नापास म्हणजे वर्ष गेलं, आणि पुण्यातली ठरलेली नोकरीही गेली.

शेवटी फादरांनी त्याला प्रवरेच्या पाटालगतच्या या कॉन्व्हेंटात धाडलं. "आठ दिवस काम बघ आणि रिपोर्ट लिही. सिस्टर ब्रिजिदांची सही असली की तू पास. आठव्या दिवशी पाच वाजता मी येईन न्यायला." रिपोर्ट पुढे मोठ्या मदरांकडेही जाणार होता. खर्च कुठे कमी करता येईल, ते त्यांना हवं होतं.

इथे आसपासच्या ख्रिस्ती देवळांसाठी ओस्ती बनत. मिस्सेत, म्हणजे देवळातल्या उपासनेत, जिभेवर ठेवतात ती पांढरी, गोल, पातळ भाकर. नुसतं गव्हाचं पीठ आणि पाणी. त्यातून ऐंशीला टेकलेली ही सिस्टर आपल्याला व्यवस्थापन शिकवणार, या कल्पनेनेच प्रबोधचं नाक वर गेलं होतं.

दुपारी त्या खोलीत एक गुंगी भरून राही. लोखंडी साच्यांतून वाफ निघे, गोडसर वास येई, उन्हात पिठाचे कण तरंगत राहत. बाहेर पाटाचं पाणी एकाच सुरात वाहत असे. कधी कधी प्रबोधचे डोळे मिटत. आपण लहान आहोत, आईच्या मांडीवर डोकं ठेवून मिस्सा ऐकतो आहोत, असं त्याला वाटे. मग तो दचकून जागा होई आणि पुन्हा स्टॉपवॉच दाबी.

तिसऱ्या दिवशी त्याने एक गोष्ट मात्र फार छान केली. ओस्ती कापायचं टेबल मागच्या अंधाऱ्या खोलीत होतं, आणि कापलेल्या ओस्ती कामाची बाई निवडे ती उजेडात, ओसरीवर. दिवसभर परातींची ने-आण चाले. त्याने टेबलच उचलून खिडकीशी आणलं; तिथेच कापायचं, तिथेच निवडायचं. पाचला संपणारं काम तीनला संपलं.

"छान केलंस हो," सिस्टर मनापासून म्हणाल्या.

प्रबोध थोडा हिरमुसला. वाद घालायची त्याची सगळी तयारी फुकट गेली होती.

"आणि आता या दोन तासांचं काय करायचं?" सिस्टरांनी विचारलं.

"जास्त ओस्ती बनवायच्या."

"खाणारी माणसं तेवढीच आहेत रे."

"मग लांबच्या देवळांना विका."

"त्यांना अंध मुलींचा आश्रम पुरवतो. त्याच्यावरच त्या पोरी जेवतात... त्यांचं काम घ्यायचं?"

प्रबोधने स्टॉपवॉच खिशात टाकलं.

"सुचलं की सांग," सिस्टर म्हणाल्या.

मग रोज तीन वाजता त्या विचारत, आणि रोज तो नकारार्थी मान हलवी. रिकामं टेबल पाचपर्यंत उन्हात पडून राही.

आठव्या दिवशी दुपारी प्रबोध रिपोर्ट घेऊन आला तो ऐटीतच. सिस्टरांनी चष्मा लावला आणि त्या हळूहळू, मोठ्याने वाचू लागल्या.

"'कामगार क्रमांक दोन प्रत्येक ओस्ती उजेडाला धरून काहीतरी पुटपुटते. ओस्तीमागे तीन सेकंद वाया. ही सवय बंद केल्यास आणि वाचलेले दोन तास धरल्यास कामगार क्रमांक एक एकटी काम उरकू शकेल. क्रमांक दोनची गरज उरत नाही.'"

त्या थांबल्या.

"क्रमांक एक कोण?"

"तुम्ही."

"बरं. आणि दोन?"

"त्या... बाई."

"कोण बाई?"

प्रबोधने आपली वही चाळली; तिच्यात नाव कुठेच नव्हतं. आठ दिवस तो त्या बाईच्या हातचा चहा पीत होता.

"असू दे," सिस्टर म्हणाल्या. "जेवढं पाहिलंस तेवढं खरं लिहिलंस." आणि त्यांनी खाली सही केली.

झालं! प्रबोधच्या छातीवरचं ओझं उतरलं. पुणं, नोकरी, सगळं त्या एका सहीत आलं होतं.

"जाता जाता हे बघ." सिस्टरांनी एक पापुद्रा त्याच्या हातात दिला. ओस्ती कापून घेतलेल्या, त्यामुळे नुसती गोल गोल भोकं उरलेली. "हे काय?"

"वाया जाणारं. शेकडा अठरा."

"डोळ्याला लाव..."

त्याने लावलं. एका भोकातून खिडकी दिसली, ऊन दिसलं, आणि उन्हात बसलेली ती बाई. केस पिकलेले, बोटं पिठाने पांढरी. रिपोर्ट तिने ऐकला असणारच. तरी ओठ हलत होते, आणि एकेक ओस्ती उजेडाला धरून ती परातीत ठेवत होती.

प्रबोध तिच्याजवळ गेला. पाय कसे गेले ते त्यालाही कळलं नाही.

"काय म्हणता तुम्ही... दर वेळी?"

"नावं, दादा."

"कुणाची?"

"ज्याची त्याची. एक ओस्ती, एक नाव. वरच्या आळीतली सून पोटुशी हाय, तिचं. पाटात बुडाला त्यो आमचा सिमोन, त्याचं. समदी सरली की परत पयल्यापासनं." ती हसली. "मी सालोमी. बावीस वरसं हाय हितं."

तिने परातीतली पुढची ओस्ती उचलली, उजेडाला धरली.

"ही तुमची. फादर म्हनले व्हते, पोरगं दोनदा नापास झालंय. म्हनून रोज एक घेते." तिने डोळे मिटले. "प्रबोध..."

प्रबोधच्या हातातलं स्टॉपवॉच चालूच होतं. तीन सेकंद.

त्याला लाज वाटली. लहानपणी आईच्या देखत चोरी पकडली गेली होती तेव्हा वाटली होती, तशी. सिस्टरांची सही असलेला रिपोर्ट त्याने हातात घेतला, एकदा सहीकडे पाहिलं, आणि कागद मधोमध फाडला.

सालोमीबाई दचकली. सिस्टर दचकल्या नाहीत.

"सिस्टर, दुसरा लिहायला हवा. पण..." त्याने घड्याळाकडे पाहिलं. "पाचला फादर येतील. मला वेळ कुठे आहे आता?"

भिंतीवरच्या घड्याळात तीनचे ठोके पडले. सालोमीबाईने शेवटची ओस्ती परातीत ठेवली, परात उचलली आणि ती आत गेली.

सिस्टर ब्रिजिदांनी ओल्या फडक्याने टेबल पुसलं. खुर्ची खिडकीशी ओढली.

"टेबल रिकामं आहे," त्या म्हणाल्या. "बस..."