हलिमामावशीचा खांदा

फार वर्षांपूर्वी, पिसेखिंडीत मोटार आली की शाळेचे मास्तरही खडू टाकून बाहेर यायचे, तेव्हाची ही गोष्ट. खिंडीच्या पायथ्याशी पत्र्याच्या शेडमध्ये हलिमाबी नावाची मिस्त्रीण होती. मिस्त्री नवरा गेला आणि त्याचे पाने तिच्या हातात आले. पहिली दोन वर्षं लोक हसले. तिसऱ्या वर्षापासून घाट चढण्याआधी तिच्याच दारात थांबू लागले. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं. असं म्हणतात, की ती इंजिनावर तळहात ठेवायची आणि त्याचं दुखणं तिच्या कोपरापर्यंत यायचं.

त्याच गावात गेनू तुपारे नावाचा ड्रायव्हर होता. खरेदी-विक्री संघाचे चेअरमन तात्यासाहेब यांची काळी मोटार तो चालवायचा. सहा वर्षांत त्यानं गाडीला ओरखडा लागू दिला नव्हता. पण त्या उन्हाळ्यात गाडीला रोग जडला. रस्त्यावर ती लोण्यासारखी चालायची. थांबली आणि इंजिन नुसतं चालू राहिलं, की थरथरायला लागायची. आरसा हलायचा, दारं खडखडायची, मागं बसलेल्या तात्यासाहेबांचं पान सदऱ्यावर सांडायचं.

तात्यासाहेबांच्या भाच्याचं तालुक्याला गॅरेज होतं. त्यानं बॉनेट न उघडताच सांगून टाकलं, "मामा, हा पेट्रोल विकतोय आणि रॉकेल घालतोय. इंजिन जाळलं त्यानं."

झालं. सहा वर्षांची चाकरी एका वाक्यात चोरी ठरली. बाजारच्या दिवशी सकाळी तात्यासाहेब गाडी, भाचा, गेनू आणि एक हवालदार घेऊन मावशीच्या शेडपुढं उतरले. मोठ्या माणसाला खोटंसुद्धा साक्षीदारासकट लागतं.

"बाई, रॉकेल होतं एवढं हवालदारांना सांग. पुढचं ते बघतील."

गेनूनं तिच्याकडं पाहिलं. बायकोला सातवा महिना लागला होता, आणि या बाईच्या एका शब्दावर तो तुरुंगात जाणार होता.

"आधी गाडी तर बघू द्या," मावशी म्हणाली.

"बघायचं काय त्यात?"

"मग इथं कशाला आणलीत? थेट चौकीत न्यायची."

तिनं बॉनेट उघडलं. चालू इंजिनाच्या चार प्लगांच्या वायरी एकेक करून काढल्या आणि परत लावल्या. दर वेळी इंजिन अडखळलं, आणि दर वेळी सारखंच अडखळलं.

"चारही सिलिंडर राबतायत, साहेब. एखादा मेला असता, तर त्याची वायर काढली तरी इंजिनाला पत्ता लागला नसता. इंजिन चोख आहे. रॉकेल नाही."

"ही शेड संघाच्या जागेत आहे, विसरलीस?"

"शेड तुमच्या जागेत आहे. जीभ माझ्या तोंडात आहे."

शेडमध्ये गाडीखाली उतरायला खड्डा होता. मावशीनं गेनूला गाडी त्यावर घ्यायला लावली आणि एक जाड फळी घेऊन ती खाली उतरली. फळी खांद्यावर टेकवून तिनं ते चालू इंजिन बोटभर वर उचललं. त्याबरोबर थरथर थांबली. असं म्हणतात, की टपावर एक चिमणी येऊन बसली आणि तिला डुलकी लागली.

"साहेब," खड्ड्यातून आवाज आला, "गाडीला हात लावून बघा. मग मी खांदा काढते, पुन्हा बघा. त्यानंतर म्हणा काय म्हणायचं ते."

"मी? मी हात काळे करू?"

"आरोप तोंडानं केलात ना? आता हात वापरा. तोवर मी खांदा काढत नाही. सावकाश होऊ द्या, पेट्रोल तुमचंच जळतंय."

तात्यासाहेबांनी खुर्ची मागवली आणि ते बसले. बाई किती दम धरते ते बघू, म्हणाले. बाजाराचे लोक जमले. मिरच्यावाली आली, कासार आला, मेंढरं विकायला आलेले धनगर आले. प्रत्येकानं गाडीला हात लावला आणि तात्यासाहेबांकडं बघितलं. कुणी म्हणतं अर्धा तास झाला, कुणी म्हणतं उन्हं कलली. इंजिनाचं गरम तेल मावशीच्या मानेवर ठिबकत राहिलं.

गेनू खड्ड्याच्या काठावर बसला. "मावशी, सोड आता. माझ्यापायी मरशील. मी जातो चौकीत."

"गप बस. तुझ्यापायी कोण करतंय? इंजिन चोख आहे असं मी म्हटलंय."

शेवटी हवालदारानं स्वतः हात लावून पाहिला आणि खाकरला. "साहेब, एकदा लावाच. मला कागदावर काहीतरी खरं लिहावं लागेल."

तात्यासाहेबांनी हात लावला. गाडी दगडासारखी गप्प होती. मावशीनं खांदा काढला. असं म्हणतात, की गाडी अशी हादरली की तात्यासाहेबांचा फेटा सुटून गळ्यात आला.

इंजिन ज्या रबरी गाद्यांवर बसतं, त्यांतली एक काढून मावशी वर आली. ती गादी नव्हतीच. जुन्या टायरचा कापलेला तुकडा होता, तोही फाटलेला, त्यामुळं लोखंड लोखंडावर आदळत होतं. पाडव्याला नव्या गाद्या भाच्यानंच बसवल्या होत्या, हे साऱ्या बाजाराला माहीत होतं. भाचा तोवर सायकल शोधत होता.

गेनूनं गाडीची किल्ली तात्यासाहेबांच्या काळ्या झालेल्या तळहातावर ठेवली. "सहा वर्षं तुमची गाडी सांभाळली. आता दुसरा बघा," म्हणाला आणि घरी गेला.

आठ दिवसांत संघानं शेड पाडली. गावानं सडकेच्या कडेला, कुणाच्याही मालकीच्या नसलेल्या जागेत, एका दिवसात नवा खड्डा खणून दिला. मावशी तिथं वीस वर्षं राबली. असं म्हणतात, की तिला शेवटची अंघोळ घातली, तेव्हाही खांद्यावर फळीचा वळ तसाच होता.

तात्यासाहेबांचं नाव संघाच्या इमारतीवर आहे. मावशीचं कुठल्याच पाटीवर नाही. पण पिसेखिंडीत अजूनही ग्रामसभेत कुणी कुणाकडं बोट दाखवलं, की लोक त्याला खाली बसू देत नाहीत. "मावशीच्या नावानं आधी हात लावून ये," म्हणतात. मग भिंत पडलेली असो की बांध फुटलेला, तक्रार करणाऱ्याला तिथवर चालत जावं लागतं. गेल्या साली एक अधिकारी पाणीपुरवठ्याच्या पंपचालकावर नोटीस टाइप करूनच आला. हा रात्रंदिवस स्वतःच्या शेताला पंप चालवतो, म्हणाला. बायकांनी त्याला गाडीत परत बसू दिलं नाही. ओढ्यापर्यंत चालवत नेलं आणि हात लावायला लावला. पंप गार होता, त्यावर कोळ्यानं जाळं विणलं होतं. सहा दिवस वीजच आली नव्हती.