अक्काचा खांब

आडतळीच्या घाटावर उभं राहिलं की सोनवळ नदीच्या पात्रात एकटा एक दगडी खांब दिसतो. पाहुणे विचारतात, देवळाचा आहे का? देवळाचा नाही, किल्ल्याचाही नाही. पुलाचा आहे. पूल कुठे आहे ते विचारू नका. त्याला अक्काचा खांब म्हणतात. आडतळीचा नवा नगराध्यक्ष, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, खुर्चीवर बसण्याआधी, गळ्यात हार असतानाच या घाटावर येतो आणि पलीकडच्या काठाला ओरडून विचारतो, "अक्का, काय म्हणाले गं?"

बाहेरची माणसं हसतात. हसायचं असेल तर सगळं ऐकून मग हसा.

साल कुणी धड सांगत नाही. नदीला तेव्हा बारमाही पाणी होतं म्हणे. दवाखाना, कचेरी, मोटारीचा रस्ता, सगळं पलीकडच्या काठाला. अलीकडे नुसती आडतळी, तिची बाजारपेठ आणि तिची नगरपालिका. ये-जा इठू कोळ्याच्या नावेतनं. गौराक्का बुरूड ही सुपं-टोपल्या विणणारी बाई. तिची सून सुंद्रा बाळंतपणात अडली तेव्हा नदी फुगलेली होती. इठूनं तरी नाव घातली. पाण्यानं नाव धारेबरोबर लांब खाली ओढून नेली, आणि काठ गाठेपर्यंत पोरगी अक्काच्या मांडीवरच गेली. पोटातलं लेकरूही गेलं. अक्कानं तिचा पदर सारखा केला आणि दवाखान्याच्या कौलांकडे बघत बसली. एवढा जवळ होता तो.

पुढच्या निवडणुकीला अक्का उभी राहिली. पुरुषमंडळी म्हणाली, आता नगरपालिका सुपात घालून पाखडणार बघा. बायकांनी तोंडातून शब्द काढला नाही, मतं मात्र घातली. अक्का अध्यक्ष झाली.

खुर्चीवर बसायच्या आधी ती घाटावर आली आणि ओंजळीत नदीचं पाणी घेऊन बोलली, "सोनवळे, मी तुला आता एकदाच ओलांडीन. परत येईन ती पुलावरनंच."

बायकांनी तिची ओटी भरली. हलगी वाजली. आणि अक्का नावेत बसून पलीकडे गेली.

हे चुकलं तिचं. उगाच देवी करायची नाही तिची. आधीचे अध्यक्ष सकाळी कचेरीत जायचे, साहेबाचा चहा प्यायचे आणि सांजेला हात हलवत परत यायचे. परतायला घर आहे म्हणून ही माणसं परत येतात, असं अक्काला वाटलं. आपण परतलोच नाही तर कचेरीला लाज वाटेल, असंही वाटलं. कचेरीला लाज वाटत नसते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

ती पलीकडच्या काठावर, इठूच्या खोपीला लागून राहिली. आडतळीचंच नाही, वरच्या-खालच्या साऱ्या काठांवरच्या वाड्यांचं गाऱ्हाणं ती मांडायची. तालुक्याला गेली, जिल्ह्याला गेली, थेट मंत्र्यांच्या दारापर्यंत गेली म्हणे. परत आली की काठावर उभी राहायची. इकडून घाटावर जमलेली माणसं ओरडायची, "अक्का, काय म्हणाले गं?"

तिकडून ती ओरडायची, "बघू म्हणाले!"

एका वर्षी खरंच माणसं आली. दगड आला, चुना आला. हा खांब उभा राहिला. गावानं गूळ वाटला. अक्का रोज त्याच्यासमोर बसून सूप विणायची, जणू कुणी तो उचलून नेणार होतं! खांब कुणी नेला नाही. बाकीचा दगड मात्र गाड्यांत भरून दुसऱ्या गावी गेला. तिथल्या पुढाऱ्याचं वजन जास्त होतं. अक्का साहेबावर तुटून पडली, तर साहेब म्हणाला, "बाई, तुमचा खांब अगदी पक्का बांधलाय. शंभर वर्षं हलायचा नाही."

ते मात्र त्यानं खरं केलं.

इकडे नगरपालिकेची कामं अडली. अध्यक्ष नदीपलीकडे आणि सभागृह अलीकडे. मग उन्हाळ्यात पात्र आकसलं तेव्हा सभा काठावरच घेतली. सभासद घाटाच्या पायऱ्यांवर, अक्का समोरच्या धोंड्यावर. उपाध्यक्ष दौलतराव काळगे, तंबाखूचे व्यापारी, तोंडाला हात लावून ओरडले, "अक्का, हात मतासाठी वर केलाय का डास मारताय? कळंना इथनं!"

अक्का ओरडली, "दौलतराव, तुमची टोपी दिसतीया इथनं! खाली डोकं हाय का न्हाई, तेवढं दिसंना!"

सगळा घाट हसला. दौलतरावही हसले. पण वरून हुकूम आला की काठावरची सभा ही सभाच नव्हे. अध्यक्ष सभांना गैरहजर, सबब खुर्ची रिकामी. दौलतराव स्वतः सांगायला नावेतनं पलीकडे गेले. वाईट माणूस नव्हता. म्हणाले, "अक्का, अजून या. नावेत बसा, नि मुकाट खुर्चीवर बसा. नवस-बिवस देव माफ करतो."

"सुंद्राला इचारून सांगते," अक्का म्हणाली. दौलतराव खाली मान घालून गेले आणि पुढे अध्यक्ष झाले.

त्यानंतर ती कचेरीत गेली की शिपाई विचारायचा, "बाई, तुम्ही कोण?" तरी जायची. सांजेला हाक यायची, ती उत्तर द्यायची. हाक मारणारे कमी होत गेले, तिचा आवाजही.

एका पावसाळ्यात तिला ताप भरला. आडतळीची माणसं सांगतात, मरेपर्यंत अक्कानं नवस मोडला नाही. ऐकायला बरं वाटतं. कोळ्यांच्या घरात वेगळं सांगायचे, आणि तिथं हजर तेच होते.

तिनं इठूला म्हटलं, "इठू, ने मला. माझ्या घरात मरते."

"अक्का, नवस?"

"चुलीत गेला नवस. ने."

इठू बाहेर जाऊन पाणी बघून आला. नदी दोन्ही थड्या भरून चालली होती, खांबाचा नुसता माथा वर होता. तो म्हणाला, "आज न्हाई जमायचं, अक्का. नाव राहायची न्हाई."

दार उघडं ठेव म्हणाली. दारातून आडतळी दिसत होती. बघता बघता गेली.

सांज झाली तशी घाटावरून हाक आली, "अक्का, काय म्हणाले गं?" त्यांना काय ठाऊक? इठू काठावर आला. एवढ्या पाण्यावरून मरण कसं ओरडून सांगायचं ते त्याला सुचेना. तो ओरडला, "बघू म्हणाले!"

तेव्हापासून रीत पडली. हाक नव्या अध्यक्षानं मारायची, उत्तर पलीकडून इठूच्या घरातल्यानं द्यायचं.

आता वर धरण झालंय. वर्षातला बराच काळ पात्रात नुसती वाळू. साहेबलोक पाहणीला येतात ते उन्हाळ्यातच, वाळूतनं जीप घालून, आणि म्हणतात, इथं पाणीच नाही, पूल कशाला? पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडतात तेव्हा ते येत नाहीत. तेव्हा इथनं कुणालाच पलीकडे जाता येत नाही. नावाही गेल्या, आणि कोळ्यांचं शेवटचं घर पोटामागं शहरात गेलं.

आजही हाक मारतात. यंदाच्या नव्या अध्यक्षीणबाईंनी मारली. पलीकडे कुणी नव्हतं. त्या थांबल्या, पुन्हा ओरडल्या. वाळूवर ऊन पडलेलं, खांबावर एक कावळा. मग मागं उभ्या गावानंच, कुणी कुणाकडे न बघता, हळू आवाजात म्हटलं, "बघू म्हणाले."

बाईंनी गळ्यातला हार काढून हातात घेतला आणि नगरपालिकेची वाट धरली.