ठकूआत्याचं न फळणारं झाड

फार वर्षं झाली. खाडीकाठच्या केळंबे गावात घरोघरी आगरं होती आणि आगरांत माडांच्या सावलीला जायफळाची झाडं होती, तेव्हाची ही गोष्ट.

त्या गावात ठकू नावाची बाई होती. मूल होईना म्हणून सासऱ्याने तिला माहेरी आणून सोडलं. सोडताना तो उंबऱ्याच्या आतही आला नाही. भाऊ रावजी स्वभावाने वाईट नव्हता, पण त्याने सासऱ्याला जाब विचारला नाही. गावची पोरं तिला ठकूआत्या म्हणू लागली. थोरांनी पाठीमागे दुसरं नाव ठेवलं होतं, ते इथे घ्यायला नको.

रावजीच्या आगरात तिने जायफळाच्या ताज्या बिया रुजवल्या. उन्हाळ्यात ती आळी पाण्याने भरायची, मुळांवर पाचोळा पसरायची, पावसाआधी कुजलेली मासळी पुरायची. हातांना वास येतो म्हणून भावजय तिचं ताट जरा लांबच वाढायची. झाडं मोठी झाली, फळांनी लगडली. फळ उकललं की आत लालभडक जायपत्री दिसायची. विहिरीजवळचं झाड मात्र नुसतं फुलायचं. फळ कधीच धरायचं नाही. ठकूआत्या त्यालाही बाकीच्यांइतकंच पाणी घालायची.

केळंब्यात तेव्हा एक रीत होती. कार्तिक अमावास्येला गावकरी कुऱ्हाड घेऊन आगरोआगरी फिरत. न फळणाऱ्या झाडाच्या बुंध्यावर कुऱ्हाडीचा तुंबा, म्हणजे मागची बोथट बाजू, आपटून विचारत, "देशील की तोडू?" मालकाने झाडाच्या वतीने म्हणायचं, "देईल, देईल." तरी फळलं नाही, तर पुढे कधीतरी ते तोडायचं. अशी गावातली सगळी न फळणारी झाडं संपली होती. विहिरीजवळचं तेवढं उरलं होतं.

एका वर्षी भिकाजी गावकर कुऱ्हाड घेऊन आला. त्याने तुंबा आपटला. "देशील की तोडू?"

मालक म्हणून बोलायचं रावजीने. उत्तर ठकूआत्याने दिलं.

"नाही देणार."

माणसं हसली. भिकाजी म्हणाला, "ठकू, असं बोलायचं नसतं गो. देईल म्हण नि मोकळी हो."

"का म्हणू? माझ्या सासरीही दरवर्षी हेच विचारायचे. मी देईन देईन म्हणत राहिले. भिकादा, ते झाड तुमच्या ताटातलं खातं का? पाणी मी घालते. उभं राहायला एवढीशी जागा लागते त्याला. तीही फळं मोजून द्यायची का?"

"बाईमाणसाने रीत मोडायची नसते," कोणीतरी मागून म्हणालं.

"मग रीतीलाच विचारा, तिने आजवर काय दिलं."

ती बुंध्याला मिठी मारून उभी राहिली. रावजीनेच तिचे हात सोडवले, आणि भिकाजीने घाव घातला. असं म्हणतात, घावातून तांबडं पाणी आलं, माणसाच्या रक्तासारखं. ते विहिरीपर्यंत वाहत गेलं. भिकाजीच्या तळहातांना जो रंग लागला, तो राखेने गेला नाही, चिंचेने गेला नाही, मरेपर्यंत गेला नाही.

पुढच्या हंगामात केळंब्यातली सगळी झाडं फुलली आणि सगळी फुलं गळून पडली. एका झाडाला म्हणून फळ लागलं नाही. तेव्हा म्हाताऱ्यांच्या ध्यानात आलं, की जायफळात नराचं झाड वेगळं असतं आणि गावातला शेवटचा नर आपणच पाडला.

सगळे ठकूआत्याच्या दारी आले. भिकाजीने डोकं ओट्यावर टेकलं. "ठकू, चुकलो. ते झाड फुकट नव्हतं. त्याच्याच जोरावर सगळी फळत होती."

त्यावर ती जेवढी संतापली, तेवढी झाड पडलं त्या दिवशीही संतापली नव्हती, असं म्हणतात.

"म्हणजे ते खरंच फुकट असतं, तर तोडलं ते बरोबर होतं? मला तरी कुठे ठाऊक होतं ते नर आहे? मी कामाचं म्हणून पाणी घातलं नाही त्याला. ते जिवंत होतं म्हणून घातलं. तुम्ही अजून हिशोबच करताय."

तिने कळशी उचलली, खुंटाच्या आळ्यात रिकामी केली आणि तिथेच बसून राहिली. दुसऱ्या दिवशी रावजी गेला तर ती नव्हती. खुंटातून मात्र एक फांदी फुटली होती, तिच्याच उंचीची, आणि ती पांढऱ्या फुलांनी भरली होती. कोणी म्हणतं ती होडीने पलीकडे गेली. गाव मानतं ती तिथेच आहे.

कार्तिक अमावास्येला केळंब्यात आजही कुऱ्हाड बाहेर निघते. ती विहिरीजवळच्या त्या न फळणाऱ्या झाडाच्या मुळाशी आडवी ठेवतात आणि गावचं पहिलं पाणी त्या झाडाला घालतात. त्या दिवशी कोणी कोणाला काय दिलंस, काय झालं, कधी होणार, असं विचारत नाही. लेकीला नाही, सुनेला नाही. एखादी पाहुणी न कळून नव्या सुनेला विचारून बसतेच. मग घरातली थोर बाई त्या पाहुणीच्या हातात भरली कळशी देते आणि विहिरीजवळच्या झाडाची वाट दाखवते.