हैबती बुरूड आणि त्याच्या घरचे चार खांदे

फार वर्षं झाली, बोरवंडला नदीवर पूल नव्हता आणि पलीकडं जायला गूळ कढवायच्या मोठ्या काहिलीत बसावं लागायचं, तेव्हाची ही गोष्ट. गावात हैबती नावाचा एक बुरूड राहायचा. सुपं, टोपल्या, कणग्या विणणं हा त्याच्या घराण्याचा धंदा. पण गावात कुणी मेलं की तिरडीचे कळक, म्हणजे जाड बांबू, त्याच्याकडूनच यायचे. आधी तो नुसते कळक द्यायचा. मग तिरडी बांधून द्यायला लागला, मग सरण रचायला लागला, आणि बघता बघता सगळं त्याच्यावरच पडलं. कुणाच्या घरी रडारड ऐकू आली की हैबती हातातली टोपली खाली ठेवायचा, विळा कमरेला खोचायचा आणि कुणी बोलवायच्या आत दारात उभा असायचा.

असं म्हणतात, की त्याला माप घ्यावं लागत नसे. जिवंतपणी एकदा माणसाला पाहिलं की त्याला पुरतील तेवढे कळक त्याच्या डोळ्यांत बसत. म्हणून हैबती समोरून आला की भलेभले रस्ता बदलायचे. तोही ओळखून होता. आजारी माणसाला भेटायला तो कधी जात नसे. सख्खा मेव्हणा तापानं फणफणला तेव्हासुद्धा त्यानं बायकोलाच पाठवलं. म्हणाला, "मी गेलो तर तो भीतीनंच जाईल."

त्याच्या बायकोचं नाव येसू. त्यांना चार मुली. चिमा थोरली, तिच्या पाठची सुंदरा, मग बायजा आणि ठकू. मसणवट्यातून आला की हैबती नदीत बुडी मारायचा, ओल्या धोतरानंच घरी यायचा आणि चौघींना घेऊन जेवायला बसायचा. त्याशिवाय त्यानं कधी घास तोडला नाही. जेवताना तो मेलेल्या माणसाची एखादी चांगली गोष्ट सांगायचा. तो माणूस कितीही खाष्ट असला तरी हैबतीला एक तरी सापडायचीच.

एका आषाढात गावात पटकी आली. सकाळी धडधाकट असलेला माणूस दुपारी आडवा व्हायला लागला. पाटलानं दवंडी दिली आणि लोक रानात खोपी घालून राहायला गेले. गावात म्हातारीकोतारी उरली, आजारी उरले आणि बुरूडवाड्यात हैबती. येसू म्हणाली, "अवं, चार पोरी हायत आपल्याला. चला की आपण बी." हैबती कळक सोलत होता. तो म्हणाला, "तू घेऊन जा पोरींना. माझं काम आता इथंच हाय." येसूनं बांधलेलं गाठोडं सोडलं आणि चूल पेटवली. ती गेली नाही.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या ओवरीत एक कासार मेला. दर वर्षी बांगड्या घेऊन यायचा, पण कुठला, कुणाचा, कुणाला ठाऊक नव्हतं. हैबतीनं तिरडी बांधली आणि खोपी गाठल्या. प्रत्येक खोपीपुढं उभा राहून तो एकच सांगायचा, "तीन खांदे पायजेत." कुणी पोट दुखतंय म्हणालं, कुणी आतून बोललंच नाही. तो एकटाच परत आला.

तो ओट्यावर बसला. येसूनं विचारलं, "किती लागतात?"

"चार. तुला ठावं न्हाय व्हय?"

"मग मोजा की. तुमी, मी, चिमा, सुंदरा."

त्या काळी बाया मसणवट्याची वाटसुद्धा तुडवत नसत. तेवढ्यात चिमा आतून म्हणाली, "दादा, ते अंबादास कासार. मला बांगड्या भरताना त्यांनीच नाव सांगितलं होतं." चिमाचं लग्न ठरलं होतं. हातातल्या हिरव्या बांगड्या त्याच माणसानं भरलेल्या होत्या.

पोरींची उंची बापाला पुरेना, म्हणून हैबतीनं दोघींच्या खांद्यांवर गोणपाटाच्या घड्या ठेवल्या. चौघांनी तिरडी उचलली. वेशीपाशी पाटील आडवा आला.

"हैबत्या, बायामाणसं मसणात नेतोस? गाव बुडवशील. आणि कुणाचं हे मढं?"

"माझ्या घरचं हाय," हैबती म्हणाला. "पोरींनी नेऊ नये असं वाटत असंल तर या, खांदा द्या. मी एकीला बाजूला करतो."

पाटील वाटेतून बाजूला झाला.

नदीला पूर होता. जाळायची जागा पाण्याखाली गेली होती आणि लाकडं चिंब भिजली होती. असं म्हणतात, की तिरडी काठावर टेकली आणि पाणी चार हात मागं सरलं. सरणापुरती जमीन उघडी पडली. आणि ओली लाकडं एका निखाऱ्यानं धडाडून पेटली. पलीकडच्या काठावरच्या काहिलवाल्यानं हे डोळ्यांनी पाहिलं आणि मरेपर्यंत सांगितलं.

त्या साथीत त्या चौघांनी एकवीस माणसं पोचवली. कुणाची जात विचारली नाही. नाव मात्र विचारलं, आणि उचलण्याआधी हैबती ते मोठ्यानं घ्यायचा.

बाविसावी चिमा होती.

सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या, ऊन कलायच्या आत ती गेली. हैबती कळक घेऊन अंगणात बसला. ज्या हातांनी सगळ्या गावाच्या तिरड्या बांधल्या, त्या हातांना सुतळीची गाठ बसेना. बांधायचा, सुटायची. येसूनं त्याच्या हातातून सुतळी घेतली आणि तिनंच तिरडी बांधली. खांदे मात्र तीनच उरले होते. बायजा पुढं झाली, पण ती फारच लहान होती.

तेव्हा अंगणाच्या कुडापाशी कुणीतरी खाकरलं. पाटील उभा होता. अंगावर बाराबंदी नाही, पायात जोडा नाही. त्याच्यामागं रानातली सगळी माणसं होती, बायाही होत्या. पाटील म्हणाला, "हैबती, तू पोरीचा बाप. तू नुसता चाल. आज आमी नेतो." येसूनं मात्र आपला खांदा सोडला नाही. असं म्हणतात, की घरापासून नदीपर्यंत खांदे बदलत गेले आणि खांदा न दिलेलं गावात एकही माणूस उरलं नाही.

त्या दिवसानंतर बोरवंडात पटकीनं कुणी गेलं नाही. लोक म्हणायला लागले, चिमानं गाव वाचवलं. कुणीतरी हे हैबतीच्या तोंडावरही बोललं. तो म्हणाला, "पोर वाचली असती तर जास्त बरं झालं असतं." आणि टोपली विणायला बसला.

त्यानंतर तो पुष्कळ जगला. तिन्ही मुलींची लग्नं केली, नातवंडं खेळवली, आणि शेवटपर्यंत तिरड्या बांधल्या. आपली तिरडी मात्र त्यानं बांधून ठेवली नव्हती. ती गावानं बांधली, आणि पुढचे दोन खांदे सुंदरा आणि बायजाचे होते.

आज बोरवंडला पूल आहे, प्रेत न्यायला गाडी आहे, नदीकाठी जाळायला पत्र्याची शेड आहे. तरी तिथं मयत झाली की पहिला खांदा घरातली बाई देते. उचलण्याआधी मेलेल्याचं नाव मोठ्यानं घेतात. कधी पुरात कुणी वाहून येतं, कधी रस्त्यावर कुणी अनोळखी मरतं. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नसतं. मग गावातलं वडीलधारं माणूस पुढं होऊन म्हणतं, "हैबतीच्या घरचा," आणि चौघं खाली वाकतात.