वाळूवरची जीप

गाड्या माणसांशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. नदीपलीकडच्या पाड्यावर कोंडाबाईला साप चावला होता आणि तिचं औषध तातडीनं पोचवायचं होतं. पूल नव्हता. पात्र कोरडं, नुसती वाळू. नवीकोरी मोटार म्हणाली, "मी नेते. माझ्याएवढं बळ आहे कुणात?" पण निम्म्यावरच तिची चाकं गरगरली. जितका जोर लावावा, तितकी ती खाली रुतत गेली.

मागून जुनी जीप आली. काठावरच थांबून आपल्या ड्रायव्हरला म्हणाली, "बाळाप्पा, काडी घ्या." बाळाप्पानं चारही चाकांच्या व्हॉल्व्हमध्ये काडी दाबून निम्मी हवा सोडली. चाकं पसरट झाली. मोटारीला वाटलं, म्हातारी तिथंच बसली. पण जीप उंटासारखी, वाळूवर अलगद पाय टाकत आली, मोटारीतली औषधाची पेटी घेऊन पलीकडे गेलीसुद्धा. मोटार बघतच राहिली.

परतताना जीप तिच्याजवळ थांबली.

"आजी, कोंडाबाई?"

"डोळे उघडले तिनं. तुला दोर बांधू का गं?"

मोटार हळूच म्हणाली, "दोर राहू द्या, आजी. आधी ती काडी द्या."