उघड्या फाटकातला काळ्या

“माझ्याकडून सगळं उघडं आहे, माई. मग पलीकडच्याला का मिळत नाही?”

निरंजननं कीबोर्ड पुढं ढकलला.

कावेरीमाई मठाच्या कचेरीच्या पायरीवर वाती वळत बसल्या होत्या. प्रश्न ऐकला आणि त्यांना आपलं जुनं व्रत आठवलं.

“नवी नवरी होते तेव्हा मीही असंच म्हणायची. चातुर्मासाचा नेम धरला होता. अतिथी जेवल्याखेरीज आपण घास घ्यायचा नाही. दार सताड उघडं, केळीचं पान वाढलेलं...”

“मग?”

“कुणी येईचना. पान रोज गाईपुढं जायचं, आणि मी उपाशी.”

“माई, तिकडं गोदाक्का खोकून खोकून अर्ध्या झाल्यात, आणि तुम्ही व्रताचं काय काढलंत!”

माई हसल्या. पोराचा जीव तुटत होता, म्हणून तर तो चिडला होता.

गोदाक्कांच्या छातीचा एक्स-रे निरंजनच्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरवर येऊन पडला होता. तो नीट पाहायची सोय मात्र अंगणापलीकडच्या दवाखान्यात, डॉक्टरांच्या विंडोजवाल्या कॉम्प्युटरवर. दुपारच्या एसटीनं डॉक्टर गेले की थेट पुढच्या महिन्यात उगवणार. इंटरनेट तर या डोंगरात मनाला येईल तेव्हा यायचं. आणि पेनड्राइव्हमधून मागं व्हायरस शिरला होता, म्हणून कॉम्प्युटरच्या त्या खाचा निरंजननंच बुजवून टाकल्या होत्या.

“त्या विंडोजलाच अक्कल नाही,” तो पुटपुटला.

“का रे? संप्रदाय वेगळा म्हणून?”

“तसं नाही. दोघांना एकमेकांचं कळावं म्हणून मधला दुभाष्यासुद्धा बसवलाय मी. एका पंगतीत जेवतील आता.”

“मग?”

“तेच तर! फोल्डर शेअर केलंय. हे बघा, मी इथूनच उघडतो... उघडलं! दोष त्याच्यातच आहे.”

“तू घरातला ना रे,” माई म्हणाल्या.

त्यानं फोल्डर बंद केलं. पुन्हा उघडलं, पुन्हा उघडलं...

तेवढ्यात फाटकाशी गुरगुर ऐकू आली. गोदाक्कांची सून सुगंधा एक्स-रेचं काय झालं ते विचारायला आली होती, ती बाहेरच थबकली होती. फाटकात मठाचा कुत्रा काळ्या आडवा उभा.

“या की वहिनी! फाटक उघडंच आहे!” निरंजन आतूनच ओरडला.

“दिसतंय की! पण येऊ कशी?”

“अहो, तो काही करत नाही!”

“तुम्हाला नाही करत! भाकरी घालता त्याला!”

माईंनी वात वळायची थांबवली. काळ्याला हाकही मारली नाही, की सुगंधाला धीरही दिला नाही. नुसत्या निरंजनकडं पाहत राहिल्या.

...

निरंजनचा हात कीबोर्डवरच थांबला.

“फायरवॉल,” तो हळूच म्हणाला. “माझ्याच मशीनवर... मीच बसवलेली. बाहेरचं काही शिरू नये म्हणून.”

“मग आता हाकलून देतोस त्या फायरवॉलला?”



माई उठल्या. फाटकाशी गेल्या. काळ्याच्या गळपट्ट्यात बोटं घालून त्याच्या कानाशी म्हणाल्या, “ही आपली आहे. हिला येऊ दे.” काळ्यानं सुगंधाचा हात हुंगला आणि अंग चोरून बाजूला झाला.

त्यांच्यामागं कीबोर्ड खडखडू लागला.

जरा वेळानं दवाखान्यातून डॉक्टरांची हाक आली. “निरंजनराव! मिळालं! दिसतंय, स्वच्छ दिसतंय!”

सुगंधा आल्या पावली दवाखान्याकडं पळाली. काळ्या शेपूट हलवत तिच्या मागून गेला.

 थोड्या वेळानं दवाखान्याच्या दारातून सुगंधाच हातवारे करत सांगू लागली. औषधानं बरं होईल म्हणतात, वेळेवर कळलं म्हणतात. तिला रडू आवरत नव्हतं.

निरंजन माईंच्या पायाशी येऊन बसला.

“मी सकाळपासून डॉक्टरांच्या मशीनला शिव्या घातल्या, माई.”

माईंनी त्याच्या तळहातावर थोडा कापूस ठेवला.

“तुमच्या व्रताचं पुढं काय झालं?”

“एके दिवशी परसदारानं बाहेर पडले. अनवाणी. वळसा घालून माझ्याच दाराशी येऊन उभी राहिले, परक्या बाईसारखी.”

“आणि... काय दिसलं?”

माईंनी वात पुरती वळली, तुपात भिजवली.

“तूही एकदा परसदारानं जा, बाळा. आणि पुढच्या दारानं ये.”