ठकाईची टाकी आणि पिठातली कच

फार वर्षांपूर्वी, गिरणीचा पट्टा अजून कुणी पाहिलाही नव्हता तेव्हा, कातळवाडीत ठकाई नावाची पाथरवटीण होती. दळून दळून जात्याचा दगड गुळगुळीत झाला की दाणे नुसते घरंगळतात, पीठ पडत नाही. मग छिन्नीनं दगडाला बारीक खाचा पाडाव्या लागतात. त्याला जात्याला टाकी लावणं म्हणतात. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणे. देवाचं मला ठाऊक नाही, जात्याचं मात्र तसंच असतं.

ठकाईची एक अट होती. ती टाकी लावत असताना घरातल्या कुणीतरी समोर बसायचं आणि आपल्या घराची एक गोष्ट सांगायची. गोष्ट खरी हवी. "दगूड ऐकतुया, बायांनो," ती म्हणायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण साठ घरांच्या चार-चार पिढ्या तिला तोंडपाठ होत्या. टाकी लावल्यावर पहिल्या पिठात दगडाची कच उतरते, म्हणून ते गुरांना घालतात. पुढचं पीठ निर्मळ येतं. पण गोष्ट खोटी असली तर कच थांबतच नसे, असं म्हणतात.

त्याच गावात राही फडतरे राहायची. नवरा लवकर गेलेला, पदरात तीन लेकरं. बारा वर्षांमागं मोठा दुष्काळ पडला, तेव्हा साऱ्या गावाचं पेरणीचं बी फडतऱ्यांच्या पेवात, म्हणजे जमिनीतल्या कोठारात, ठेवलं होतं. एक दिवस पेव रिकामं निघालं आणि त्याच दिवशी राहीचा थोरला दीर बहिर्जी गाव सोडून गेला. गाव काय समजायचं ते समजलं. त्याची आईवेगळी लेक चंद्रा राहीनं पोटच्या पोरीसारखी वाढवली. पण चोराच्या लेकीला सून कोण करणार? दोन सोयरिकी मोडल्या. तिसरे पाहुणे यायचे होते, म्हणून राहीनं ठकाईला बोलावून जात्याला टाकी लावून घेतली.

गोष्ट सांगितली ती आजेसासऱ्यानं वाघ मारल्याची. आता साठातल्या वीस घरांच्या आजोबांनी वाघ मारलेला; एवढे वाघ त्या डोंगरात मावले कसे कोण जाणे. ठकाई टाकी ठोकत राहिली.

पहिलं पीठ गुरांना घातलं. दुसऱ्यात कच. तिसऱ्यात कच. सातव्या दळणातही कच, आणि पाहुणे तर ताटावर बसलेले. मुलाच्या बापानं घास घेतला, दाताखाली कचकन वाजलं. त्यानं ताट सारलं आणि उठला. "चोराच्या घरचं अन्न दाताखाली यायचंच," तो म्हणाला. दारात चंद्रा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं मान खाली घातली.

ठकाई अंगणात बसली होती. ती एवढंच म्हणाली, "राहीबाई, जात्याला ठावं हाय. आता तुमी बोला."

राही जात्यापाशी मटकन बसली. "बी म्या दळलं," ती म्हणाली. "ह्याच जात्यावर, रोज थोडं थोडं, पेव सरंस्तवर. चार लेकरं भुकेनं डोळं पांढरं करत हुती. भावजींनी बघितलं. म्हणाले, 'राही, गावानं तुला हाकललं तर ही चारी मरतील. चोर मला म्हणू दे.' आन् माझं पाप डोईवर घिऊन त्यो देवमाणूस गेला."

असं म्हणतात, की तिचा शेवटचा शब्द संपला आणि खुंट्याला कुणाचा हात नसताना जातं आपोआप फिरलं. चार लेकरं, चार फेरे. पीठ पडलं ते चांदण्यासारखं. सारं अंगण हात जोडून उभं राहिलं. बी नसल्यानं त्या साली गावाची रानं पडीक राहिली होती, तरी राहीला कुणी शब्दानं बोललं नाही. लेकरं कुणाच्या घरात नव्हती? चंद्रा तिच्या गळ्यात पडली. "काकी, त्यातलं मीबी खाल्लंय गं," ती म्हणाली. मुलाचा बाप गुमान पुन्हा ताटावर बसला आणि सोयरीक जमली.

ठकाई दुसऱ्या दिवशी टाकी-हातोडी घेऊन गावाबाहेर पडली. जिथं टाकी लावायची तिथं ती बहिर्जीची गोष्ट सांगायची. तिसऱ्या वर्षी एक पांढऱ्या दाढीचा माणूस फडतऱ्यांच्या दारात येऊन उभा राहिला. दूर मुलखात, परक्या ओसरीवर, त्यानं आपलीच गोष्ट ऐकली होती. राहीनं भाकरी वाढली. त्यानं घास चावला, थांबला, आणि म्हणाला, "कच न्हाई गं." मग दोघंही ढसाढसा रडली.

ठकाई मात्र परतली नाही. गावाच्या दगडखाणीतल्या कातळावर पहाटे अजून तिची टाकी वाजते, असं म्हणतात.

आता गावात गिरणी आहे. पण गिरणीच्या दगडालाही टाकी लागतेच, आणि त्या दिवशी रांगेतल्या लोकांनी आपापल्या घराची खरी गोष्ट सांगितल्याशिवाय गिरणीवाला पट्टा चढवत नाही. पहिला मान फडतऱ्यांचा. त्यांना वाघ सांगता येईल, पण ते सांगत नाहीत. "गावाचं बी आमच्या आजीनं दळलं," असं ते मान ताठ ठेवून म्हणतात. मग रांगेतून, तिच्या सासरच्या वाडीहून दळायला आलेलं, चंद्राच्या वंशातलं कुणीतरी उत्तर देतं, "आन् ते आमी खाल्लं." तेव्हा कुठं गिरणी सुरू होते.